‘सात’नंतरच्या तीन मात्रा

पुण्यात फेब्रुवारी हा लढायांचा महिना असतो. ४ तारखेला सिंहगड, १९ला शिवजयंती, २४ला नेसरी आणि २७ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रज जन्माने पुण्याचे, १९१२ सालचे. हे पुणेकर आवर्जून सांगतात आणि नाशिककर ऐकून सोडून देतात. या दिवसांत पेठांमधून फिरताना एक ओळ कुठून ना कुठून कानावर पडतेच. मंडळाच्या मांडवातून, शाळेच्या पटांगणातून, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याच्या मोबाइलमधून. कुसुमाग्रजांचीच ‘वेडात मराठे वीर दौडले सात’.

ही ओळ आपल्या इतकी तोंडात बसलीय, की ती ऐकायचीच राहून जाते. पहिलाच शब्द बघा. शौर्यात नाही, त्वेषात नाही, वेडात. पुढे काय होणार आणि त्याला काय म्हणायचं, हे कवी पहिल्या तीन अक्षरांत सांगून मोकळा होतो. तरीही ओळ संपेपर्यंत आपण त्या सातांच्या मागे निघालेले असतो. शब्द सांगतात की हे वेड आहे, आणि ताल म्हणतो, चल. युद्धाच्या कवितेचा सगळा पेच मला या एका ओळीत दिसतो. त्यामुळे तिच्या अर्थाबद्दल फार न बोलता तिच्या आवाजाबद्दल बोलावं असं बरेच दिवस मनात होतं. माझं तबल्याचं शिक्षण अर्धवट राहिलं, पण मात्रा मोजायची सवय काही सुटली नाही. त्या सवयीच्या जोरावर हे लिहितेय.

इतिहास थोडक्यात. प्रतापराव गुजर हे शिवाजी महाराजांचे सरनोबत. १६७३ मध्ये उमराणीला त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत पकडलं आणि तो शरण येताच सोडून दिलं. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांचा कडक शब्दांतला ठपका प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ला गडहिंग्लजजवळच्या नेसरीला मोजक्या स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथेच संपले. बरोबर सहा सरदार होते असं परंपरा सांगते. राज्याभिषेक झाला ६ जूनला, म्हणजे त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी. कवितेत कारण थोडं बदललंय. तिथे खानाला सोडल्याचा उल्लेख नाही, शत्रूला पाठ दाखवल्याची लाज आहे. कवितेला ते सोयीचं. सोडून देण्यात एक विचार असतो, आणि विचार करणारा माणूस असा दौडत नाही.

आता मात्रा. ह्रस्वाची एक, दीर्घाची दोन, एवढा शाळेतला नियम पुरे. ओळ अशी पडते:

वेडात म | राठे वी | र दौडले | सात

सहा, सहा, सहा आणि तीन. एकूण २१. फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहून मराठी कवितेची मापं बसवून दिली. त्यांच्या भाषेत सहा मात्रांच्या आवर्तनाची रचना ती भृंगावर्तनी. भृंगाला पाय सहा. (सहा मात्रा आणि सहा सरदार असा योगायोग कुणी दाखवला, तर मी हसून सोडून देईन.) तबल्यावर हा दादऱ्याच्या घरातला मामला. धा धिं ना, धा तिं ना. झुलवणारा ताल, ठुमरी-दादऱ्याचा, नाट्यपदांचा. यातून घोडे कसे निघतात?

निघतात ते शब्दांच्या तुटण्यातून. वरच्या ओळीत टाळी जिथे पडते, म्हणजे प्रत्येक घराच्या पहिल्या मात्रेवर, तिथे एकही शब्द धड सुरू होत नाही, अपवाद पहिल्याचा आणि शेवटच्याचा. ‘मराठे’मधला ‘म’ अलीकडे राहतो, ‘राठे’ पलीकडे. ‘वीर’ची तीच गत. प्रत्येक शब्द टाळीची रेघ ओलांडून पुढच्या घरात उडी घेतो आणि आपल्या जिभेलाही घ्यायला लावतो. आता तलवारीची ओळ बघा:

म्यानातुन | उसळे तर | वारीची | पात

इथे पहिला शब्द आपल्या घरात नीट बसलाय. म्यान अजून म्यान आहे. तलवार मात्र मधोमध रेघेवरून बाहेर येते. कवीने हे बोटांवर मोजून केलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. ज्याच्या कानात लय मुरलेली असते त्याला मोजावं लागत नाही, मोजायचं काम आपलं.

जाता जाता शुद्धलेखनवाल्यांना एक विनंती. ‘म्यानातुन’चं ‘म्यानातून’ करू नका. ‘अजुनि’चं ‘अजूनी’ तर नकोच नको. इंटरनेटवर ही कविता शोधली की बहुतेक ठिकाणी अशी सुधारून ठेवलेली सापडते. एका दीर्घ ऊकाराने एक मात्रा वाढते आणि घोडा लंगडतो. पुण्यात ऱ्हस्वदीर्घावरून भांडणं व्हायला काही कारण लागत नाही. इथे तर खरंखुरं कारण आहे.

आता मुद्द्याचं. ओळ सहा-सहा-सहा-तीन अशी आहे, म्हणजे शेवटचं घर अर्धं रिकामं. ‘सात’ उच्चारून झाल्यावर तीन मात्रा उरतात. त्यात शब्द नाही, पण काळ आहे. तो काळ गेल्याशिवाय पुढचं आवर्तन सुरू होत नाही. कडव्यातल्या आतल्या ओळी बहुतेक २२ मात्रांच्या, म्हणजे तिथे दोनच मात्रांचा विसावा. ‘पात’, ‘रात’, ‘दर्यात’, ‘गात’ अशा कडवी मिटवणाऱ्या ओळी पुन्हा २१च्या. ‘सात’शी यमक जुळवणारी प्रत्येक ओळ एका मात्रेने आखूड आणि तेवढीच जास्त गप्प. अठरा मात्रा धावायचं, तीन मात्रांत आकडा सांगायचा आणि तीन मात्रा काहीच बोलायचं नाही. कितीजण गेले हे सांगून झाल्यावर जेवढं थांबायला हवं, तेवढी जागा छंदातच राखून ठेवलीय.

आणि नेमकी हीच जागा पुण्यात सगळ्यांत आधी खाल्ली जाते. एका मिरवणुकीत या गाण्याचं स्पीकरच्या भिंतीवरचं रूप ऐकलं. सहाचं आवर्तन आठात कोंबलेलं, आणि जिथे गप्प बसायचं तिथे चार दणके. भिंतीच्या आवाजाने छातीत धडधडतं, हे मी वयाचा दोष म्हणून सोडून देते. पण ‘सात’ संपायच्या आत पुन्हा ‘म्यानातुन’ सुरू झालं, तेव्हा सात माणसं गेली हे कुणाला कळायला फुरसतच उरली नाही. त्यापेक्षा नदीपात्रात सराव करणारी ढोलपथकं बरी. तिथे निदान टोल पडल्यावर ठोका कुठे संपतो ते कळतं.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा आठवीत आहे. शाळेतल्या पाठांतर स्पर्धेसाठी त्याने हीच कविता घेतली होती. त्याची आई त्याला घेऊन खाली आली, “काकू, जरा ऐकता का याचं? नुसता ओरडतोय.” ओरडत होताच. मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताठ, आणि ओळींमध्ये फट म्हणून नाही. मी त्याला अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून सहा मोजायला शिकवलं आणि म्हटलं, “सातनंतर तीन पेरं गप्प राहायचं.”

तो म्हणाला, “काकू, गप्प राहिलं की परीक्षकांना वाटतं विसरला. मार्क जातात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पोरगं हुशार. चौथ्या-पाचव्या फेरीला ‘खालून आग’पाशी अडलं आणि म्हणालं, “इथे अंगठा चुकतोय.” मी मोजून बघितलं. चुकत नव्हता.

ती ओळ अशी आहे: ‘खालून आग, वर आग, आग बाजूंनी’. मात्रा बरोबर २२. आता टाळ्या कुठे पडतात ते बघा. टाळी पहिल्या, सातव्या, तेराव्या आणि एकोणिसाव्या मात्रेवर. पहिल्या ‘आग’चा ‘आ’ सहाव्या मात्रेवरच सुरू होतो, त्यामुळे टाळी पडते तेव्हा तो अर्धा होऊन गेलेला असतो. दुसऱ्या ‘आग’ची टाळी ‘ग’वर पडते. तिसरी ‘आग’ टाळी पडून गेल्यावर, एक मात्रा उशिरा येते. शब्द तोच, तीनदा, आणि तिन्ही वेळा तालाच्या वेगळ्या बाजूने. एक अलीकडून, एक अंगावर, एक मागून. आवर्तन कुठेही मोडलेलं नाही, फक्त पाय ठेवायला जागा उरलेली नाही. आठवीतल्या मुलाच्या अंगठ्याला जे कळलं, ते इतकी वर्षं ‘जोशपूर्ण ओळ’ म्हणून मी ऐकत आले होते.

त्याच्या दोन कडवी आधी दोन ओळी लागोपाठ आहेत. ‘सरदार सहा सरसावुनि उठले शेले’ ही मोठ्याने म्हणून बघा. चार स आणि शेवटी श. ओळभर कापडाची सळसळ आहे, धातूचा आवाज कुठेच नाही. लगेच पुढची ओळ: ‘रिकिबीत टाकले पाय, झेलले भाले’. इथे ट आला, झ आला, भ आला. कापड संपलं, लोखंड सुरू झालं. मधे कुठे ‘तेव्हा खणखणाट झाला’ असं सांगायला कवी थांबत नाही. वीररसाच्या नावाखाली मराठीत खणखणाटाचे कितीतरी टन शब्द ओतले गेलेत. ते वाचताना मला नेहमी वाटतं, यांना तलवारीचा आवाज ठाऊक आहे, पण तलवार हातात घ्यायच्या आधीचा ठाऊक नाही.

नावांचंही तेच. या कवितेत एकसुद्धा नाव नाही. प्रतापराव नाही, महाराजांचं नाव नाही, बहलोलखान नाही, नेसरी नाही. ‘मराठे’, ‘गनीम’, ‘प्रभू’ आणि आकडा. पोवाड्याची रीत याच्या अगदी उलट. पर्वतीवर चढून नैर्ऋत्येला पाहिलं की सिंहगड दिसतो. त्या गडाचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा माणसांनी गजबजलेला आहे. तानाजी, सूर्याजी, शेलारमामा, उदेभान, कोण कुठून आला, काय बोलला, काय ल्याला. पोवाडा डफ-तुणतुण्यावर उभ्याने गायचा, शाहीर दमला की झीलकऱ्यांनी ‘जी जी’ करत ओढून धरायचा, मधेच थांबून गद्यात सांगायचा. त्याला आखीव आवर्तनाची गरज नाही, श्रोत्यांची आहे. आणि समोर बसलेल्या श्रोत्यांत त्या घराण्यांतलं कुणी असलं तर नाव गाळून कसं चालेल? पोवाडा ऐकणाऱ्याला तो माणूस भेटवतो. कुसुमाग्रजांची कविता आपल्याला माणूस भेटू देत नाही. ते आकडा हातात देतात आणि तो कडव्याकडव्यातून ठोकत राहतात. धुळीचे मेघ सात, माना सात, दर्यात कोसळणाऱ्या उल्का सात, गर्दीत लोपलेले जीव सात, वणव्यात जळालेले खग सात.

आणि मग शेवटचं कडवं. ‘दगडांवर दिसतिल अजुनि तेथल्या टाचा’. नंतर ओढ्यातला रक्ताचा रंग, क्षितिजावरचा मातीचा मेघ. या कडव्यात ‘सात’ नाही. एकदाही नाही. इतका वेळ कानावर आदळणारा शब्द निघून गेलाय आणि त्याच्या जागी तीन ओळींत तीनदा ‘अजुनि’ आलंय. मरणाऱ्यांचा आकडा गेला, मागे काय उरलं ते आलं. शेवटच्या ओळीत वाऱ्यावर कुणी विराणी गातंय. विराणी ही ज्ञानेश्वरांच्या घराची, विरहिणीने गायची रचना. वीरांची कविता एका बाईच्या गाण्यावर येऊन थांबते, आणि तीही ‘गात’ अशा अर्ध्या सोडलेल्या क्रियापदावर, पुढे ‘आहे’ नाही, ‘होती’ नाही. यमकापुरता मात्र ‘सात’ तिथे आहेच. ‘गात’ म्हटलं की आपला कान आपोआप त्याचा जोडीदार शोधतो. शब्द दिसत नाही आणि त्याचं यमक ऐकू येतं, हे या कवितेतलं मला सगळ्यांत आवडलेलं कसब.

यमकाचा याहून वेगळा उपयोग करणारा एक युद्धकवी आहे, त्याच्याबद्दल थोडं सांगायचा मोह आवरत नाही. खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक. पांढऱ्या दगडांच्या सारख्या उंचीच्या रांगा, कातरलेलं गवत. तिथे गेलं की मला विल्फ्रेड ओवेन आठवतो. ४ नोव्हेंबर १९१८ला, युद्धबंदीच्या एक आठवडा आधी, फ्रान्समध्ये तो मारला गेला. वय २५. ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेत त्याने ‘एस्केप्ड’ला ‘स्कूप्ड’ आणि ‘ग्रॉइन्ड’ला ‘ग्रोन्ड’ जोडलंय. व्यंजनं जागच्या जागी, स्वर ढासळलेला. जुळलं असं वाटतं तोच पायाखालची पायरी निसटते. कविता आहे भुयारात उतरून मेलेल्या शत्रूला भेटण्याची, आणि यमकही दर वेळी थोडं खाली उतरतं. ओवेनला यमक मिटू द्यायचंच नव्हतं.

कुसुमाग्रज यमक करकचून मिटवतात. या कारणासाठी कुणी त्यांना युद्धाचे भाट आणि ओवेनला युद्धविरोधी ठरवत असेल, तर ती घाई आहे. ओवेन खंदकातून आला होता, चिखलातून आणि विषारी वायूतून. कुसुमाग्रजांच्या समोर पावणेतीनशे वर्षांपूर्वीची एक आख्यायिका होती आणि ती आपलीशी मानणारा समाज. त्यांनी ती नाकारली नाही. तिला युद्धविरोधी कविता म्हणून सजवण्याचा खटाटोप मीही करणार नाही. तसं केलं तर पुन्हा तालाशी बेइमानी होईल, कारण ताल खरोखरच आपल्याला ओढतो आणि ते कवीला हवंच आहे. मात्र ओढ लावून झाल्यावर तो आपल्याला कुठे नेऊन सोडतो, तेवढं तरी ऐकायला हवं.

ऐकणं राहून जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे गाणं. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने आलेल्या ‘शिवकल्याण राजा’मधलं हे गाणं. त्याच्यामुळेच कविता घराघरांत पोचली, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. पण गाण्यात सगळी कविता नाही. सुरुवातीची कडवी गळली आहेत, आणि त्यात ते पत्र गेलं. मूळ कविता ध्रुवपदानंतर थेट महाराजांच्या पत्राने सुरू होते. उपरोधाचा सूर, ‘श्रुती धन्य जाहल्या’ वगैरे. मग ते पत्र वाचणाऱ्याच्या मनाचं काय होतं ते येतं. ‘ते कठोर अक्षर एक एक त्यातील, जाळीत चालले कणखर ताठर दील’. या लढाईतलं पहिलं शस्त्र अक्षर आहे. वणवा पुढच्या कडव्यांत पेटतो असं आपण समजतो, पण तो इथेच पेटलाय, कागदावर.

त्यानंतरच्या कडव्यात ‘ओठ’, ‘गाठ’, ‘काठ’ अशी तीन यमकं आहेत. दातांनी ओठ दाबलेत, छातीवरची गाठ तुटलीय, डोळ्यांचे काठ ओलावलेत. तीनही वेळा जीभ टाळूला लावून ‘ठ’वर श्वास अडवायचा आणि सोडायचा. तिसऱ्यांदा सोडला की चौथी ओळ: ‘म्यानातुन उसळे तरवारीची पात’. मूळ कवितेत तलवार इथे येते, तीनदा श्वास कोंडून झाल्यावर. गाण्यात ती ओळ उचलून सर्वांत वर नेलीय. ऐकायला दमदार वाटते, वादच नाही. पण कशामुळे उपसली हे न सांगता उपसलेली तलवार आपल्या हाती येते, आणि मिरवणुकीत नाचवायला अशीच बरी पडते.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की पुढच्या वर्षी पत्रासकट म्हण. त्याने लगेच व्यवहाराचं विचारलं, “काकू, स्पर्धेत तीनच मिनिटं देतात. आठ कडवी बसतील?” मग दोघांनी हिशेब मांडला. ध्रुवपदाची एक आणि आठ कडव्यांच्या बत्तीस, अशा ३३ ओळी. एका ओळीला, तिच्या शेवटच्या गप्प मात्रांसकट, पाच सेकंद धरले तर १६५ सेकंद. म्हणजे पावणेतीन मिनिटं. पंधरा सेकंद उरतात. ते कवितेचं आणि कवीचं नाव सांगायला ठेवलेत.